ताळा

फोन म्हणाला, जागा संपली.

मुलाचा नववा वाढदिवस होता. मेणबत्त्या पेटलेल्या, पोरं टाळ्या वाजवायला टपलेली, आणि मला व्हिडिओ घ्यायचा होता. नको असलेलं काहीतरी पुसून टाकावं म्हणून घाईघाईने गॅलरी उघडली. वर सरकवत गेले तर एकच वस्तू. आमची गॅसची शेगडी. डावा नॉब, उजवा नॉब, खाली सिलिंडरवरचा रेग्युलेटर. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. नवरा खांद्यावरून बघत होता. तो काही बोलला नाही. मी पाच-पंचवीस 'गुड मॉर्निंग'ची फुलं पुसली आणि केक कापला.

रात्री सगळे झोपल्यावर फोटो मोजले. हिशेबाच्या खात्यात काम करते, मोजल्याशिवाय राहवत नाही. ७१२. सगळे सकाळी सात ते साडेसातच्या दरम्यानचे. सगळ्यांत नॉब बंद.

एकही पुसला नाही. पुरावा कोण पुसतं?

हे २०१९ सालचं. आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत. माझं ऑफिस फोर्टात. नवरा सहालाच कामावर जातो, मुलाची शाळेची व्हॅन पावणेसातला येते, म्हणजे घरातून शेवटची निघणारी मी. सात पंचविसाला निघालं की शेअर रिक्षा मिळून सात बावन्नची फास्ट आरामात मिळे. मी सातलाच तयार असायचे आणि तरीही महिन्यातून दहा-बारा वेळा ती चुकायची. कारण मधल्या वेळात मी गॅस बंद करत असायचे.

खरं तर 'बंद करत असायचे' हे चूकच. तो पहिल्याच वेळी बंद झालेला असे. मग नॉबला हात लावून बघायचं. मग बर्नरपाशी नाक नेऊन वास घ्यायचा. या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच, गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं मरकॅप्टन मिसळतात, हे मला तोंडपाठ होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. वास येत नाही म्हणजे गॅस सुटलेला नाही, की माझं नाक चोंदलंय? मग रेग्युलेटर. मग दार लावायचं, कुलूप ओढून बघायचं, एक जिना उतरायचा, आणि तिथे, दुसऱ्या मजल्यावरच्या तुळशीच्या कुंडीपाशी, रोज बरोबर तिथेच, प्रश्न उभा: हात लावला तेव्हा मी नॉब नुसता चाचपला, की चुकून फिरवला?

की परत वर.

फोटोंची शक्कल मला फार हुशारीची वाटली होती. गाडीत बसायला मिळालं की फोन काढायचा आणि बघायचं. बंद. पहिले काही दिवस खरंच बरं वाटलं. मग एकदा दिवा स्टेशनाच्या आसपास मनात आलं, हा आजचाच ना? फोटोवर तारीख असते. होता आजचाच. पण फोटो काढून झाल्यावर फोन पर्समध्ये टाकताना कोपर लागलं असेल तर? कोपर लागल्याचा किंवा न लागल्याचा फोटो नव्हता. मग दोन फोटो काढायला लागले, मग चार. मग शेजारच्या काकूंना फोन. त्यांच्याकडे आमची किल्ली असायची. "काकू, जरा बघता का?" तेव्हा फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या, आणि काकू "थांब हं, बघते" म्हणून चप्पल घालत असायच्या तेवढ्यात बोगदा यायचा. रेंज गायब. पलीकडे उजेडात आल्यावर काकूंचा आवाज: "अगं, बंद आहे, कालच्यासारखाच." त्या 'कालच्यासारखाच'मध्ये राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आता मूळ भीतीविषयी. गॅसचा स्फोट होईल ही भीती होतीच, पण त्याखाली दुसरी होती. माझ्या मोठ्या मावशीला विसरण्याचा आजार झाला होता. सुरुवात दुधाच्या पातेल्यापासून झाली. पातेलं चढवायची आणि देवळात निघून जायची. पुढे ती माझ्या आईला ओळखेनाशी झाली. मी चाळिशी ओलांडलेली, आणि सकाळी सात वाजता केलेली गोष्ट मला सात पाचला आठवत नाही. दोन आणि दोन चार. घरच्यांनी भिजवलेले बदाम सुरू केले, नणंदेने शंखपुष्पीची बाटली आणून दिली. बदाम मी खाल्ले. ते आठ आहेत की सात, हे तीनदा मोजून.

शेवटी न्यूरॉलॉजिस्टकडे गेले. त्यांनी तीन शब्द सांगितले आणि लक्षात ठेवायला सांगितलं: आंबा, खुर्ची, रुपया. मग शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर, पासष्ट. मी पासष्टवर थांबले आणि म्हटलं, डॉक्टर, पुन्हा एकदा करू का, मधे काही चुकलं असेल. ते म्हणाले, चुकलं नाही. मी तरी पुन्हा केलं. मग त्यांनी शब्द विचारले, मी सांगितले. तारीख, वार, ऋतू, सगळं सांगितलं. एमआरआय झाला. स्वच्छ.

"तुम्हाला विसरायचा आजार नाही," ते म्हणाले. "तो आजार झालेला माणूस जिने चढून परत बघायला येत नाही. आपण काही विसरलोय हेच तो विसरतो. तुम्ही मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा."

मला त्यांचा इतका राग आला की बाहेर येऊन रिसेप्शनवरच्या मुलीशी उगाच पावतीवरून भांडले. आज हे लिहिताना लाज वाटते. आंबा, खुर्ची, रुपया मात्र अजून डोक्यात आहेत. इतकी वर्षं झाली. जातच नाहीत.

आजीकडे या दुखण्याला एक शब्द होता. तिचे एक चुलत दीर, आम्ही त्यांना भाऊकाका म्हणायचो, पहाटे संध्येला बसले की नऊ-साडेनऊपर्यंत उठत नसत. संध्येच्या सुरुवातीला विष्णूची चोवीस नावं घ्यायची असतात, केशवापासून श्रीकृष्णापर्यंत. भाऊकाका अधोक्षजापर्यंत यायचे आणि अडायचे. मधला अनिरुद्ध घेतला की राहिला? पळीतलं पाणी ताम्हनात सोडायचे आणि पुन्हा केशवाय नमः. जपाला बसले की एकशे आठ मण्यांवर विश्वास नाही. माळ खोटं बोलत नाही, पण बोटाने मणी सोडला असेल तर? काकू चहाचं भांडं तीनदा गरम करायच्या. घरातली पोरं पडवीत बसून त्यांची नक्कल करायची, त्यात मीही होते. आजी दटावायची, "हसू नका रे. मंत्रचळ लागलाय त्यांना." तिच्या मते मंत्र म्हणताना काही चुकलं की मंत्रच डोक्यात चळतो.

पुढे कळलं की ओसीडीला, म्हणजे तोच विचार आणि तीच कृती थांबवता न येण्याच्या या आजाराला, मराठीत मंत्रचळ म्हणणारे डॉक्टर आहेत. 'कल्पना-कृती अनिवार्यता' असा एक भारदस्त शब्दही आहे, पण तो उच्चारताना माणूस दमतो. फ्रेंच मानसोपचारतज्ज्ञांनी एकोणिसाव्या शतकात याला फोली द्यू दूत म्हटलं होतं, म्हणजे संशयाचं वेड. लग्राँ द्यू सोल या डॉक्टरांचं त्यावरचं पुस्तक १८७५ मधलं आहे. पॅरिसचे डॉक्टर आणि आमची आजी यांची गाठ पडायची शक्यता नव्हती, पण दोघांनी बोट बरोबर जागी ठेवलं होतं. या दुखण्याचा गाभा स्वच्छता नाही, संशय आहे. हे मुद्दाम सांगते, कारण नणंदेने माझं सिंक बघून विचारलं होतं, "तुला कसला गं ओसीडी?" भांडी कालपासूनची होती.

मानसोपचारतज्ज्ञ मॅडमनी मला त्यांच्याकडच्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे चाचण्यांसाठी पाठवलं. एक पंचविशीची मुलगी. तिने एक आकृती समोर ठेवली आणि बघून काढायला सांगितली. मोठा आयत, त्याचे कर्ण, उजवीकडे टोक आलेला त्रिकोण, कडेला एक फुली, आत कुठेतरी एक लहान वर्तुळ आणि त्यात तीन ठिपके. बघितलं की चेहऱ्यासारखं वाटतं, असे ते ठिपके. मी वर्तुळापासून सुरुवात केली. ठिपके अगदी नेमके आले पाहिजेत म्हणून दोनदा खोडले. मग फुली. मग समांतर रेघा, मोजून. आयत सगळ्यात शेवटी, आणि तो कशालाच नीट जुळेना. अर्ध्या तासाने आकृती समोर नसताना पुन्हा काढायला सांगितली, तेव्हा कागदावर तीन ठिपक्यांचं वर्तुळ उत्तम आलं. हवेत. बाकीचं घर कुठे गेलं कोण जाणे.

आंद्रे रे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९४१ मध्ये ही आकृती तयार केली. तिचे अठरा भाग, एकूण गुण छत्तीस. ओसीडी असलेल्यांना ही नंतर नीट आठवत नाही, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं होतं, आणि त्यावरून त्यांची दृश्य स्मरणशक्ती अधू असते असं म्हटलं जायचं. १९९९ मध्ये कॅरी सॅव्हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळी गोष्ट पुढे आणली: गडबड साठवणुकीत कमी आणि मांडणीत जास्त आहे. चौकट आधी धरणाऱ्याला तपशील लटकवायला खुंट्या मिळतात. जो तपशिलांतूनच शिरतो, त्याच्याकडे सुट्या वस्तूंचा ढीग राहतो. त्या मुलीने मला हे इतकं सुटसुटीत सांगितलं नव्हतं, ती फक्त म्हणाली, "मॅडम, तुम्ही ठिपक्यांपासून का सुरू केलंत?" मी म्हटलं, चुकायची शक्यता तिथेच जास्त होती ना.

ती जरा थांबली आणि तिने ते लिहून घेतलं.

यानंतर मी वाचायला लागले, आणि एका प्रयोगापाशी अडकले. नेदरलँड्समधले मार्सेल फान डेन हाउट आणि मेरेल किंट यांनी २००३ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांनी आजारी माणसं घेतलीच नाहीत. धडधाकट विद्यार्थी घेतले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर गॅसची शेगडी, ठरावीक बर्नर चालू करायचे, बंद करायचे आणि बंद झाले का ते तपासायचं. एकदा नाही, वीस वेळा. दुसऱ्या गटाने मधल्या काळात शेगडीऐवजी पडद्यावरचे दिवे तपासले. मग दोन्ही गटांना शेवटच्या वेळच्या शेगडीविषयी विचारलं. कोणते बर्नर होते, हे दोन्ही गटांनी सारखंच बरोबर सांगितलं. पण ज्यांनी शेगडी पुन्हा पुन्हा तपासली होती, त्यांना ते चित्र अंधूक वाटत होतं, तपशील निसटलेले वाटत होते, आणि आपल्या आठवणीवर त्यांचा भरवसा उरला नव्हता. २००६ मध्ये माँट्रियलच्या कॉनकॉर्डिया विद्यापीठात अॅडम रॅडॉम्स्की यांच्या गटाने हेच खऱ्या स्वयंपाकघरात, खऱ्या स्टोव्हवर करून बघितलं. भरवसा तिथेही उडाला.

मी ते वाचून उठले आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. इतकी वर्षं माझा समज होता की आठवत नाही म्हणून मी तपासते. इथे तर गाडी उलटी जोडलेली होती. तपासते म्हणून आठवत नाही. धडधाकट पोरांची जर वीस तपासण्यांत ही गत, तर माझ्या तर हजारो झाल्या होत्या.

असं का व्हावं, हे सांगण्यासाठी घरातलाच एक खेळ पुरेसा आहे. 'कपाट' हा शब्द मोठ्याने पन्नास वेळा म्हणून बघा. तिसाव्या वेळेपर्यंत कपाट नाहीसं होतं, तोंडात नुसता खडखडाट उरतो. तपासण्याचंही तेच. पहिल्या वेळी नॉब दिसतो, त्याच्यावरचा तेलाचा डाग दिसतो, बोटाला त्याचा गारवा लागतो. पाचव्या वेळी हात सवयीने जातो, डोळे सवयीने फिरतात, डाग कोणी बघत नाही. आठवण ठळक कशाने होते, तर डागाने, गारव्याने. आणि रोजचा नॉब, रोजची वेळ, रोजचा तोच हात. आजची तपासणी कालच्या तपासणीवर पडते, जसं एकाच कागदावर पुन्हा पुन्हा शिक्का मारावा तसं. शेवटी तारीख वाचता येत नाही. शिक्का मारला नव्हता असं मात्र नाही. नुसतं टक लावून नॉबकडे बघत राहिलं तरी तो परका वाटू लागतो, हेही त्याच संशोधकांनी पुढे दाखवलं. ते मला प्रयोगाशिवाय माहीत होतं. दोन मिनिटं नॉबकडे बघत राहिलं की 'बंद' म्हणजे नेमकं कुठलं टोक, आडवं की उभं, तेच कळेनासं होई.

आमच्या शाळेत गणिताच्या बाई उत्तर काढून झालं की म्हणायच्या, ताळा करून बघा. भागाकाराचं उत्तर गुणून बघायचं, जुळलं की पेन खाली. ताळा जुळला की पोटात एक बारीकसं हायसं होतं. ऑफिसात आजही होतं, बँकेचं स्टेटमेंट आणि आमची वही शेवटच्या रुपयापर्यंत जुळली की. माझ्या सकाळींना ते हायसं वाटणं नव्हतं. आकडा बरोबर, वजाबाकी बरोबर, ताळाही बरोबर, आणि तरी पेन खाली ठेवायचा हुकूम कुठूनच येईना.

गंमत म्हणजे ऑफिसात माझ्या स्मरणशक्तीची ख्याती आहे. मागच्या वर्षीच्या ऑगस्टात कुठल्या पुरवठादाराचं बिल दोनदा लागलं होतं, हे मला फाइल न उघडता सांगता येतं, आणि सांगताना मनात शंकेचा मागमूसही नसतो. माहेरी गेले की आईच्या स्वयंपाकघरातल्या गॅसचा विचारही येत नाही, आणि आईची शेगडी आमच्यापेक्षा जुनी. स्टॅन्ली रॅकमन या मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं असं की जिथे अनर्थाची जबाबदारी आपल्या एकट्याच्या शिरावर आहे असं वाटतं, तिथेच तपासणीचं चक्र फिरू लागतं. शेवटची निघणारी मी. रविवारी नवरा मागाहून येणार असला की मी ढगासारखी हलकी जिना उतरायचे. म्हणजे स्मरणशक्ती शाबूत होती. एका विशिष्ट दारापाशी तिची साक्ष चालत नव्हती, एवढंच.

मॅडमनी एकदा प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागे मेंदू काढून दाखवला. चित्रकला बेताची, मला आधी तो फ्लॉवर वाटला. डोळ्यांच्या खोबणीच्या लगेच वर, कपाळामागे ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स नावाचा पट्टा आहे. काहीतरी बिनसलंय असा निरोप निघण्यात त्याचा मोठा वाटा. निरोप खोल आत कॉडेटकडे जातो. हे शेपटीच्या आकाराचं केंद्र, लॅटिनमध्ये कॉडा म्हणजे शेपूटच. तिथून पुढे थॅलॅमस आणि थॅलॅमसकडून परत कपाळाकडे. कॉडेटचं काम, माझ्या भाषेत सांगायचं तर, आवक-जावक कारकुनाचं. हा कागद साहेबांकडे, हा निकाली, फाइलला लावा. ओसीडीत हा कारकून कागद फाइलला लावायला कमी पडतो असं मानतात. तोच कागद फिरून फिरून साहेबांच्या टेबलावर. साहेब दर वेळी नव्याने दचकतात.

हे नुसतं रूपक नाही, याला जुना पुरावा आहे. १९१७ मध्ये व्हिएन्नाच्या फॉन इकॉनोमो यांनी झोपाळू मेंदुज्वराच्या साथीचं वर्णन केलं. त्यातून वाचलेल्या काही जणांच्या मेंदूच्या याच खोल भागांना इजा झाली होती, आणि त्यांच्यात कुणी मोजत बसे, कुणाला तीच ती कृती थांबवता येत नसे. पण मला जास्त हलवलं ते १९९२ मधल्या एका अभ्यासाने. लॉस एंजेलिसमध्ये लुईस बॅक्स्टर यांच्या गटाने रुग्णांचे पेट स्कॅन, म्हणजे मेंदूचा कुठला भाग किती ग्लुकोज वापरतो ते दाखवणारे स्कॅन, काढले, उपचारांआधी आणि नंतर. काहींना फ्लुओक्सेटीन दिलं, काहींना औषध अजिबात नाही, फक्त वर्तनोपचार. दोन्हीकडे ज्यांना उतार पडला, त्यांच्या उजव्या कॉडेटचा ग्लुकोजचा वापर कमी झालेला दिसला. गोळी घ्या किंवा जिना चढू नका, कारकुनाच्या खोलीतलं वीजबिल सारखंच उतरतं.

मी अर्थात लगेच विचारलं, माझाही असा स्कॅन काढायचा का? मॅडम हसल्या. हे सगळे गटांचे सरासरी आकडे, एकट्या माणसाचा ओसीडी स्कॅनवर ओळखता येत नाही. "आणि काढला तरी तुम्ही तो पुन्हा काढायला लावाल," त्या म्हणाल्या. बरोबर होतं.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण पुढे तिचा मला आधार झाला. आपण चूक केली की सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडवर एक लहानशी लाट उमटते. चुकीची घंटाच म्हणा. २००० मध्ये विल्यम गेरिंग यांनी दाखवलं की ओसीडी असलेल्यांत ती नेहमीपेक्षा मोठी असते. आणि ओसीडी असलेल्या मुलांवरच्या एका अभ्यासात, उपचारांनी लक्षणं कमी झाली तरी ही लाट मोठीच राहिली. माझ्या मैत्रिणीला हे ऐकून वाईट वाटलं. मला उलट सुटल्यासारखं झालं. मी घंटा बंद पडायची वाट बघत बसले होते. ती वाजत असतानाही रिक्षा पकडता येते, असा त्याचा अर्थ मी लावला.

उपचार कसे झाले हे सांगायला विशेष काही नाही, आणि जे आहे ते कंटाळवाणं आहे. येल-ब्राउन नावाच्या मोजपट्टीवर चाळीसपैकी माझे सत्तावीस आले. परीक्षेत कधी इतक्या टक्क्यांनी उगाच घाबरले नव्हते. सर्ट्रालिन सुरू झालं. ओसीडीत या गोळ्या नैराश्यापेक्षा जास्त मात्रेत लागतात आणि परिणाम दिसायला दहा-बारा आठवडे जातात, हे आधीच सांगितलं म्हणून टिकले. जोडीला ईआरपी, म्हणजे भीतीला सामोरं जायचं आणि तिच्यावरचा ठरलेला उतारा करायचा नाही. १९६६ मध्ये लंडनला व्हिक्टर मेयर यांनी हे पहिल्यांदा केलं, तेव्हा रुग्णांनी धुणं थांबवावं म्हणून नर्सेस पहारा द्यायच्या, खोलीतले नळसुद्धा बंद ठेवले होते. माझ्याकडे नर्स कुठली? काकूंची किल्ली परत घेतली, एवढंच. त्या म्हणाल्या, "अगं, मला त्रास नव्हता होत." होत होता.

आधी फोटो बंद. मग वास घेणं बंद. मग हात लावणं. नॉब फिरवायचा, एकदा बघायचं, डाग बघायचा, निघायचं. तुळशीच्या कुंडीपाशी पाय अडायचे. पहिल्या दिवशी तिथे मी नऊ मिनिटं उभी होते, छातीत धडधड, घाम, खालच्या मजल्यावरचे जोशी आजोबा विचारून गेले, बरं वाटत नाही का. वर गेले नाही. गाडीत ठाण्यापर्यंत घर जळताना दिसत होतं. घाटकोपरला एका बाईने भिशीचा विषय काढला आणि घर जरा कमी जळू लागलं.

नवऱ्याचं काम सगळ्यात अवघड होतं. "केला ना रे बंद?" असं मी रात्री विचारलं की "हो" म्हणायचं नाही. त्याने म्हणायचं, "माहीत नाही." लग्नाला चौदा वर्षं झालेल्या माणसाला बायकोला धीर न देण्याचं शिक्षण द्यावं लागतं. पहिल्या आठवड्यात तो "माहीत नाही" म्हणायचा आणि मान होकारार्थी हलवायचा. पुढे सरावला. मी ऑफिसातून मेसेज केला की उत्तर यायचं: मा. ना. आजही आमच्या घरी दही संपलं का विचारलं तरी मा. ना. म्हणतात.

सातव्या की आठव्या बैठकीला गृहपाठ मिळाला, ७१२ फोटो पुसायचे. पुसले. पण पुसलेले फोटो ट्रॅशमध्ये तीस दिवस राहतात, हे मला माहीत होतं आणि मी ते मॅडमना सांगितलं नाही. एकोणतिसाव्या दिवशी रात्री सांगितलं, मेसेज करून. त्यांनी अंगठा पाठवला. एवढाच.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री जेवण झाल्यावर नवरा बराच वेळ टेबल पुसत राहिला. पुसण्यासारखं काही नव्हतं.

"एक सांगू का," म्हणाला, "पण मॅडमना विचारून सांगावं असं वाटत होतं."

"काय झालं?"

"परवा मी चारला घरी आलो ना, रेग्युलेटर चालू होता. नॉब बंद होते दोन्ही. रेग्युलेटर राहिला होता."

"परवा म्हणजे?"

"मंगळवारी."

मी मंगळवारची सकाळ आठवायला बसले. पाऊस होता. की तो सोमवारी होता? पोळ्या केल्या असणार, डबा भरला असणार, रिक्षा मिळाली असणार. नॉब नाही, रेग्युलेटर नाही, तुळशीची कुंडी नाही, काही म्हणजे काही नाही. भाजी कसली केली होती, तेही आठवेना.

"मंगळवारी डब्यात काय होतं रे?" मी विचारलं.

त्याने फडकं खाली ठेवलं आणि खरंच आठवून बघितलं.

"मा. ना.," म्हणाला.